बॉनेटखालचा रंग

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात दोन वर्षांपूर्वी एका डॉज मोटारीचे काम चालले होते. मोटार 1950च्या दशकाच्या सुरुवातीची, कुर्ल्याला जुळवलेली. बॉनेट काढून भिंतीला टेकवलेले आणि इंजिनाची जागा रिकामी. शेजारी लाकडी ठोकळ्यांवर दोन इंजिने होती. एक मोटारीचे मूळ सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, जे पंचेचाळीस वर्षे याच गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये पडून होते. दुसरे, एवढ्या काळात मोटारीला धावते ठेवणारे डिझेल इंजिन. नव्या मालकाला मूळ इंजिन परत बसवायचे होते. त्याला रंग कोणता द्यायचा, यावर काम अडले होते.

मालकाने मोबाइलवर अमेरिकेतल्या एका डॉजचा फोटो दाखवला. त्यातले इंजिन आरशासारखे रुपेरी. रंगारी म्हणाला, "काळा मारा, तेलकटपणा दिसत नाही." गॅरेजचे काका सत्तरी ओलांडलेले. ते म्हणाले, "आमच्या वडिलांच्या हातचं प्रत्येक इंजिन हिरवं असायचं." तिघेही माझ्याकडे पाहू लागले. जुन्या मोटारींच्या रंगांचा नाद मला बरीच वर्षे आहे, म्हणूनच मला बोलावले होते. पण त्या क्षणी माझ्याकडेही उत्तर नव्हते.

"मूळ रंग कोणता?" हा प्रश्न सोपा वाटतो. कंपनीचा तक्ता उघडा, वर्ष पाहा, डबा आणा. पण मोटार कारखान्यातून निघाल्यावर, पण गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधीच कुणी तिचे इंजिन उघडले असेल तर? किंवा पुढे तिला जगवण्यासाठी कुणी इंजिनच बदलले असेल तर? या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार झाला आहे तो अमेरिकेत, 1960च्या दशकातल्या 'मसल कार' नावाच्या मोटारींच्या बाबतीत. त्यामुळे वाट थोडी वाकडी करून आधी तिकडे जाऊ आणि मग वागळे इस्टेटला परत येऊ.

इंजिनाला रंग का देतात?

इंजिनाचा ब्लॉक बहुधा ओतीव लोखंडाचा असतो. उघडा ठेवला तर पावसाळी हवेत चार दिवसांत तांबूस पडतो. रंगाचे पहिले काम गंज थोपवणे. दुसरे काम मिस्त्रीच्या सोयीचे: स्वच्छ रंगवलेल्या पृष्ठभागावर तेल किंवा पाणी कुठून झिरपते ते लगेच दिसते. तिसरे काम ओळखीचे. कारखान्यात एकाच छताखाली अनेक प्रकारची इंजिने तयार होत असतील, तर रंगावरून कामगाराला कळते की हे कुठे जायचे. आणि शोरूममध्ये बॉनेट उघडले की गिऱ्हाइकाला कंपनीचा रंग दिसतो, ते वेगळेच.

हा रंग लावायची पद्धत आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. अमेरिकी कारखान्यांत सर्वसाधारणपणे इंजिन बरेचसे जुळवून झाले की त्यावर एकदाच फवारा मारत. ब्लॉक, वरची हेडे, त्यांमधल्या गॅस्केटची कड आणि बोल्टांची डोकी एकाच झपाट्यात रंगत. हात भरभर चालत असल्यामुळे कुठे थर जाड, कुठे पातळ. मागच्या बाजूला तर नुसता धुरळा बसलेला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही रंग उडे आणि पहिल्या काही मैलांतच जळून जाई, कारण ब्लॉकचे तापमान उकळत्या पाण्याच्या आसपास राहते, पण एक्झॉस्टचे लोखंड कित्येक पटींनी तापते आणि तिथे साधा एनॅमल टिकत नाही.

म्हणजे कारखान्याचा खरा रंग देखणा नसतो. तो घाईचा असतो, आणि त्या घाईची खूण हीच त्याची ओळख.

कंपनी तितके रंग

शेवरले कंपनीने 1955मध्ये नवे व्ही-8 इंजिन आणले आणि त्याला नारिंगी रंग दिला. पुढची वीसेक वर्षे शेवरलेचे व्ही-8 म्हणजे नारिंगी हे समीकरण टिकले. पॉन्टिअ‍ॅकची इंजिने निळ्या छटांची. फोर्डने 1966पासून आपली जवळपास सगळी इंजिने एकाच निळ्या रंगात रंगवायला घेतली. क्रायस्लरची प्रसिद्ध 'हेमी' नारिंगी होती, तर त्याच कंपनीची रोजच्या मोटारींतली मोठी इंजिने हिरवट निळी. ओल्डस्मोबिलने 1960च्या दशकाच्या मध्यात रंग इंजिनाच्या आकारावरून ठरवले होते: 330 घनइंची सोनेरी, 400 घनइंची ब्राँझ, 425 घनइंची लाल.

घनइंच हे अमेरिकी माप. 400 घनइंच म्हणजे सुमारे साडेसहा लिटर. आपल्या मारुती 800चे इंजिन एक लिटरहूनही लहान होते, एवढी तुलना पुरे.

शोरूमच्या मागचे गॅरेज

मध्यम आकाराच्या हलक्या मोटारीत मोठ्या मोटारीचे दांडगे इंजिन बसवले की तयार झाली मसल कार. 1964च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून हा प्रकार लोकप्रिय झाला. पण जनरल मोटर्स या मूळ कंपनीने स्वतःवर एक बंधन घातले होते. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्या मध्यम आणि लहान मोटारींत 400 घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा नियम होता. कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार अपवाद. 1970च्या मॉडेलपर्यंत हा नियम चालला.

कंपनीला जे करता येत नव्हते ते काही डीलरांनी केले. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग गावचे डॉन येंको, शिकागोचे निकी शेवरले, डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओकचे रॉयल पॉन्टिअ‍ॅक, ऱ्होड आयलंडचे टास्का फोर्ड ही त्यांतली गाजलेली नावे. कंपनीकडून मोटार यायची, मागच्या गॅरेजात तिचे इंजिन बदलायचे किंवा उघडून जोरदार करायचे, आणि मग ती नवी कोरी म्हणून विकली जायची. टास्कांनी 1967मध्ये मस्टँगसाठी असेच एक 428 घनइंची इंजिन जुळवले. ते इतके चालले की फोर्डने 1968मध्ये स्वतःच 'कोब्रा जेट' नावाने तसे इंजिन बाजारात आणले.

रंगाच्या अभ्यासकाची पंचाईत इथे सुरू होते. येंको 1967मध्ये शेवरले कॅमेरोतले 396 घनइंची इंजिन काढून तिथे 427 घनइंची बसवत होते. ही दोन्ही एकाच घराण्यातली, बाहेरून जवळजवळ सारखी, आणि दोन्ही नारिंगी. बॉनेट उघडून पाहणाऱ्याला फरक कळायचा नाही. पॉन्टिअ‍ॅकच्या बाबतीत तर याचा चक्क फायदा घेतला गेला. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाच्या मार्च 1964च्या अंकात जीटीओची जी परीक्षा गाजली, तिच्यासाठी दिलेल्या मोटारीत 389 ऐवजी 421 घनइंची इंजिन घातले होते. पॉन्टिअ‍ॅकच्या जाहिरातींचे काम पाहणारे जिम वँगर्स यांनीच ते पुढे कबूल केले. बाहेरून दोन्ही इंजिने एकसारखी, रंगही तोच.

उलट उदाहरण 1968च्या हर्स्ट/ओल्ड्सचे. ओल्डस्मोबिलच्या मध्यम मोटारीत 400 घनइंचांचे ब्राँझ रंगाचे इंजिन येई. हर्स्ट या कंपनीबरोबर काढलेल्या 515 खास मोटारींत मात्र 455 घनइंचांचे इंजिन होते, आणि ते लाल. इथे रंगच सांगतो की नियमाच्या पलीकडचे काही घडले आहे. अशा मोटारीचे इंजिन कुणी 'मध्यम मोटार म्हणजे ब्राँझ' असा सर्वसाधारण तक्ता पाहून रंगवले, तर तिची सगळी गोष्टच पुसली जाईल.

तुटलेली रेघ

मग रंग सारखाच असेल तेव्हा काय पाहायचे? छटेपेक्षा रंगाची रेघ पाहायची.

रॉयल पॉन्टिअ‍ॅकच्या 'बॉबकॅट' कामाचे उदाहरण घेऊ. त्यात इंजिन बदलत नसत. हेडे उघडून पातळ गॅस्केट घालत, म्हणजे दाब वाढतो. कार्बोरेटरचे जेट बदलत, इनटेक मॅनिफोल्डला मिळणारी एक्झॉस्टची उष्णता बंद करत, डिस्ट्रिब्यूटरची वेळ नव्याने लावत. बाहेरून इंजिन निळेच. पण हेड एकदा उघडले की कारखान्याच्या एकसंध फवाऱ्याला चीर जाते. ब्लॉक आणि हेड यांमधली जुनी गॅस्केट रंगलेली होती, नवीची कड उघडी राहते. बोल्टांच्या डोक्यांवर पान्याच्या कडांनी रंग उडतो. मिस्त्रीने वरून हात फिरवला तरी दुसरा थर वेगळा दिसतो, कारण तो तेल लागलेल्या, एकदा तापून गेलेल्या लोखंडावर बसलेला असतो.

म्हणजे बॉबकॅटच्या बाबतीत तुटलेली रेघ हीच खरेपणाची साक्ष. तिथे अखंड, गुळगुळीत, सर्वत्र सारखा निळा दिसला तर दोनच शक्यता: एकतर हेड कधी उघडलेच नाही आणि बॉबकॅटची गोष्ट खोटी आहे, किंवा नंतर कुणी इंजिन धुऊन नव्याने रंगवले आहे.

येंकोंच्या मोटारी हाच धडा दुसऱ्या अंगाने देतात. 1967 आणि 1968मध्ये 427 त्यांच्या गॅरेजात बसत असे. 1969मध्ये मात्र त्यांनी शेवरलेच्या 'सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर' या विशेष मागणीच्या पद्धतीचा आधार घेतला. ही पद्धत खरे तर पोलीस, टॅक्सी, सरकारी खाती अशा मोठ्या गिऱ्हाइकांच्या वेगळ्या गरजांसाठी होती. तिच्या 9561 क्रमांकाखाली कॅमेरोत 427 कारखान्यातच बसून येऊ लागले. याच वाटेने, 9560 क्रमांकाखाली, इलिनॉयमधल्या ला हार्प या लहान गावचे डीलर फ्रेड गिब यांनी संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचे 427 असलेल्या 50 कॅमेरो मागवल्या. तशा एकूण 69 झाल्या.

आता दोन येंको कॅमेरो शेजारी उभ्या करा, एक 1967ची आणि एक 1969ची. बिल्ला एकच, इंजिनाचा आकार एकच, नारिंगीही एकच. पण पहिलीत इंजिन गॅरेजात हाताळल्याच्या खुणा योग्य, दुसरीत त्याच खुणा संशयास्पद. कंपनीचा तक्ता दोन्हींसाठी एकच उत्तर देतो आणि त्यामुळे यांपैकी एकीच्या बाबतीत चुकतो.

अमेरिकेत जुन्या कॉर्व्हेटची पारख करणारी नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी ही 1974मध्ये स्थापन झालेली संस्था 'कारखान्यातून निघाली तशी' ही कसोटी लावते. तिथे गरजेपेक्षा जास्त चकचकीत काम केले तर गुण कापले जातात. ही कसोटी कारखान्याच्या मोटारींना चोख लागू पडते. डीलरच्या मोटारींना मात्र 'पहिल्या गिऱ्हाइकाने किल्ली घेतली त्या दिवशी जशी होती तशी' असे म्हणावे लागते. दोन दिवसांमध्ये काही आठवड्यांचेच अंतर, पण त्या आठवड्यांत काम करणारी माणसे वेगळी होती.

कुर्ल्याची डॉज, ठाण्याचे डिझेल

आता घरी परतू. अमेरिकी मोटार आपल्या भागाला परकी नव्हती. जनरल मोटर्सने 1928मध्ये शिवडीला मोटारी जुळवायला सुरुवात केली होती. फोर्डही मुंबईत होती. वालचंद हिराचंद यांनी 1944मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार केला आणि 1947मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या: डॉज, डिसोटो, प्लिमथ. नावे तीन, पण निर्यातीच्या या मोटारींत जाळी आणि बिल्ले सोडले तर बरेचसे अंग प्लिमथचेच. पुढे प्रीमियर फियाटकडे वळली. कल्याण-शीळ रस्त्यावरचा तिचा कारखाना तर आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेला, काहींनी तिथे पाळ्या केलेल्या.

1953मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांना भारतात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम राबवायचा नाही, त्यांना इथे नुसत्या मोटारी जुळवायला जागा उरली नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. आयातीवर कडक बंधने आली. रस्त्यावर ज्या अमेरिकी मोटारी होत्या त्या अनाथ झाल्या. भाग मिळेनात आणि पेट्रोल तर त्या घटाघटा पीत. 1973च्या तेलसंकटानंतर तेही परवडेना. मग मुंबई-ठाण्याच्या गॅरेजांनी त्यांना डिझेल इंजिने बसवली. मद्रासच्या सिम्प्सनची पर्किन्स, पुढे बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमधले मर्सिडीज-बेंझच्या आराखड्याचे इंजिन, जे हाताशी येईल ते. चेसिसला नवे ब्रॅकेट वेल्ड करायचे, गिअरबॉक्सशी सांधा जुळवणारी प्लेट लेथवर कातून घ्यायची, रेडिएटर सरकवायचा. कुणी नकाशे दिले नव्हते. कंपनीला जे करायचे नव्हते ते मागच्या गॅरेजातल्या माणसांनी केले, एवढे तरी इथल्या आणि कॅनन्सबर्गच्या कामात समान आहे. तिथे हौस होती, इथे पोट होते.

वागळे इस्टेटच्या काकांना मी विचारले, हिरवाच रंग का? ते म्हणाले, "वडील सांगायचे, गाडी महिन्याने परत आली आणि मालक म्हणाला की ब्रॅकेट तुटलं, तर आधी बघायचं, आपलं वेल्डिंग आहे की रस्त्यात दुसऱ्या कुणी मारलंय. हिरवं असेल तर फुकट करून द्यायचं." म्हणजे तो रंग त्या गॅरेजची सही होती, आणि हमीपत्रही.

जुलै 2021मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या, मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी-चारचाकींना वेगळी नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, नव्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी मोटार रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. नियम चांगला आहे, जुन्या मोटारी भंगारात जाण्यापासून वाचतील. पण 'मूळ स्वरूप' या दोन शब्दांमुळे डिझेलवर जगलेल्या मोटारींचे मालक आता मूळ इंजिने शोधू लागले आहेत आणि मधल्या काळाचा प्रत्येक पुरावा ग्राइंडरखाली जातो आहे. आमच्या डॉजचेही तेच होणार होते.

खरवडण्याआधी

म्हणून जुनी मोटार हाती आलेल्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे: इंजिनाला रंग काढायचे रसायन किंवा तारेचा ब्रश लावण्याआधी एक रविवार नुसते पाहण्यासाठी ठेवा.

मूळ रंग उघड्या भागावर शोधू नका. तिथे उष्णतेने आणि तेलाने छटा बदललेली असते, नारिंगीचा विटकरी होतो. तो झाकलेल्या जागी शोधावा: इंजिन माउंटिंगच्या मागे, वॉटर पंपाच्या पाठीशी, जनरेटरच्या ब्रॅकेटखाली, एखाद्या पट्टीच्या आडोशाला. एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडा आणि बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोलाकार हलकेच घासा. झाडाच्या खोडातल्यासारखी वर्तुळे उमटतात, आतले सर्वांत जुने. पेपर ओलाच हवा आणि तोंडाला मास्क हवा, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते. लोखंडालगत आधी रेड ऑक्साइडचा प्रायमर लागला, तर बहुधा तो थर इथल्या गॅरेजातला. अमेरिकी कारखान्यांत इंजिनावर सहसा प्रायमरशिवायच रंग जाई. बोल्ट, गॅस्केटच्या कडा आणि ठोकलेले नंबर यांचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा, तारीख लिहा. आणि नवा रंग देताना दोन बोटे रुंद जागा जुनीच राहू द्या, जिथे सहज नजर जात नाही तिथे.

डॉजच्या पेट्रोल इंजिनावर आम्ही हेच केले. वरचा काळा थर कुणा टॅक्सीवाल्याच्या वेळचा असावा. त्याखाली रेड ऑक्साइड. पण जनरेटरच्या ब्रॅकेटमागे, लोखंडाला चिकटून, पातळ राखाडी-रुपेरी थर निघाला. मोबाइलवरच्या फोटोइतका चकचकीत नाही. मंद, घरातल्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यासारखा. रंगाऱ्याने तीन वेळा मिश्रण करून तो जुळवला आणि ब्रशऐवजी फवाऱ्याने मारला, मागच्या बाजूला मुद्दाम कमी.

राहिले ते डिझेल इंजिन आणि त्याचे हिरवे ब्रॅकेट. ते चेसिसवरून कापणे भाग होते. त्यांच्यासह 'व्हीए' नोंदणी मिळणे कठीण होते, आणि मूळ इंजिन बसायलाही ती जागा मोकळी हवी होती. मी मालकाला एवढेच म्हटले की कापण्याआधी जागेवरचे फोटो घ्या, मापे लिहून ठेवा आणि मोटारीच्या फाइलमध्ये एक पान काकांच्या वडिलांच्या कामाचे घाला. ते तरुण गृहस्थ आधी हसले. मग त्यांनी काकांना शेजारी बसवून ते पान तिथेच लिहिले: कोणत्या साली इंजिन बदलले, प्लेट कुणाच्या लेथवर कातली, किती पैसे घेतले. काकांना रक्कम आठवत होती.

ग्राइंडर चालला तेव्हा काका बाहेर जाऊन उभे राहिले. ब्रॅकेटचा एक तुकडा मालकाने ठेवून घेतला. तो आता डॉजच्या डिकीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, स्टेपनीशेजारी असतो. हिरवा रंग अजून शाबूत आहे.